वाकाटकांचा वरवंटा

आमच्या आईचा वरवंटा पाच आठवडे वाकाटकांच्या मालकीचा होता, आणि तो त्यांना मीच देऊन टाकला होता. हे आजवर लिहून ठेवलं नाही, कारण यातली बरीच मंडळी हयात होती आणि आमच्या गावात एकाची फजिती लोक दोन पिढ्या पुरवून वापरतात. आता हरकत नाही. ज्यांना राग यायचा ते गेले. एक माझी भाची तेवढी आहे, आणि तिला तिच्या नावाचं कारण एकदा कळलेलं बरं.

आमचं गाव आर्वीच्या रस्त्यावर. कापसाच्या दिवसांत बैलगाड्यांची रांग जिनिंगपासून थेट आमच्या बारवपुऱ्यापर्यंत लागायची, आणि उरलेले आठ महिने गाव जांभया देत बसायचं. घरात बाबा पोस्टात कारकून, आई, दादा, मी आणि त्या उन्हाळ्यात पहिल्या बाळंतपणाला आलेली ताई. ताईचं सासर पुलगावचं, जावई तिथल्या गिरणीत. बाबा दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारून दमायचे आणि घरी आल्यावर हूं आणि हां यावर भागवायचे. त्यामुळे घरात आवाज होता तो आईचा, आणि आईच्या पाट्या-वरवंट्याचा. मागच्या दाराशी मोरीला लागून पाटा जमिनीत अर्धा रोवलेला होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर घर्र-घर्र येई, मधेच वरवंटा आपटल्याचा टक्क, मग पुन्हा घर्र. आवाजावरून मला अंथरुणात कळायचं की आज जवसाची चटणी आहे की हिरव्या मिरचीचा ठेचा. पाटवडीचा बेत असला तर आवाज जड यायचा, कारण भाजलेलं खोबरं, खसखस आणि लसूण यांचं वाटण आई तीनदा फिरवायची. वरवंट्याच्या एका टोकाला चंद्रकोरीएवढा टवका उडालेला होता. दुधात तोंड घालणाऱ्या बोक्याला आईने तो एकदा फेकून मारला होता. बोका वाचला, उंबरठा आणि वरवंटा दोघांनाही लागलं.

पुऱ्याला नाव जिच्यावरून पडलं ती बारव आमच्या घरापासून शंभर पावलांवर होती. काळ्या दगडाची, चौकोनी, तिन्ही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, काठावर एक जुना उंबर. मी समजत्या वयाची झाले तोवर तिच्यात गाळ, बाभळीची काटेरी झुडपं, फुटकी मडकी आणि एका म्हशीची हाडं एवढंच उरलं होतं. पुऱ्यातल्या सगळ्या घरगुती विहिरी खाऱ्या. त्यामुळे पिण्याचं पाणी नाल्यापलीकडच्या मळ्यातून आणावं लागे, आणि आमच्या घरात ते आणायचं काम माझं होतं. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी एक, डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी. लोक वारसा वगैरे शब्द वापरतात तेव्हा मला आजही प्रथम दुखणारी मान आठवते. बारव साफ झाली, तिला पाणी लागलं, तर माझ्या तीन खेपा शंभर पावलांवर येणार होत्या. माझं बारवप्रेम एवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं.

गावात तेव्हा श्रमदानाची हवा होती. नालवाडीच्या आश्रमात जाऊन आलेला माणूस परत येताना एक झाडू आणि दोन सुविचार घेऊन यायचाच. आमचे ढोले गुरुजी दोन्ही घेऊन आले. शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवत. उंच, बारीक, खादीचं उपरणं खांद्यावर, आणि चेहरा असा की या माणसाला कुणी फसवलं तर फसवणाऱ्यालाच वाईट वाटावं. त्यांनी ‘बारव सेवा मंडळ’ काढलं. रविवारी सकाळी शाळेत टांगलेला रुळाचा तुकडा ठणठण वाजवायचा, मंडळींनी फावडी-घमेली घेऊन जमायचं, प्रार्थना म्हणायची, आणि पायऱ्यांवर रांगेने उभं राहून गाळाची घमेली हातोहात वर पोचवायची. गुरुजी स्वतः काठावर वही घेऊन उभे राहात. गाळात काय निघालं ते त्या वहीत लिहायचं आणि वस्तू शाळेच्या खिडकीत मांडायची, असा मंडळाचा नियम होता. खिडकीत तोवर एक नाल, तीन बांगड्यांचे तुकडे, कुलूप आणि एक दात जमला होता. दात म्हशीचा होता, पण गुरुजींनी पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

सुरुवातीला चाळीस माणसं आली. होळीनंतर ऊन तापलं तशी ती पंचवीस झाली, मग अकरा. अकरांत मी होते, कारण मला घागर दिसत होती. आणि मैनाबाई मडावी होती. ही जंगलातून लाकडाच्या मोळ्या आणून गावात विकणारी गोंडाची बाई, वय काय ते तिलाही ठाऊक नसेल, हात मात्र कुदळीच्या दांड्यासारखे. मोळीवाल्या बायकांची बसायची जागा बारवेच्या काठावर. तिची आई म्हणे इथलंच पाणी पिऊन परत जायची. मैनाबाई प्रार्थनेला नसायची, श्रमदान हा शब्द तिने कधी उच्चारला नाही, पण खाली उतरून खोदायची ती एकटीच खरी. बहिणीशी ती तिच्या गोंडीत बोलायची आणि दोघी खुदुखुदु हसायच्या. मला नेहमी वाटायचं, माझ्यावरच हसतात.

अशात नगर कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी ठरवलं की ही बारव मुरूम टाकून बुजवायची आणि तिथे बैलगाड्यांचा तळ करायचा. जिनिंग त्यांचंच, तळ जिनिंगला लागूनच, तेव्हा लोककल्याण आणि सोय एका जागी आली होती. गुरुजी त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेले. बापूसाहेब म्हणाले, “गुरुजी, पाणी नाई, देव नाई, नुसता खड्डा हाय. काही जुनंपुरानं निघालं असतं त मीच म्हटलं असतं, राहू द्या. या रविवारी मी पाह्यला येतो. सोमवारी गाड्या लावतो.”

हे गुरुजींनी शनिवारी सकाळच्या शाळेत सांगितलं. मी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. जुनं निघालं असतं तर, असं अध्यक्ष म्हणाले होते. मग जुनं निघायला हवं होतं. मी घरभर नजर फिरवली. जातं माझ्याच्याने उचलवणार नव्हतं. देवघरातलं काही घ्यायची छाती नव्हती. पितळेची भांडी गावात सगळ्यांची सारखी. राहता राहिला वरवंटा. काळाभोर, मधे बारीक झालेला, टोकाला फुटलेला. मी त्याला पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने पाहिलं आणि तो मला भलताच प्राचीन वाटला. आई दुपारची लवंडली होती. मी वरवंटा राखेने घासला, धुण्याच्या टोपलीत तळाशी घातला, वर ताईची लुगडी टाकली आणि बारवेवर गेले. अकराव्या पायरीपर्यंत गाळ निघाला होता. तिथल्या ओल्या कोपऱ्यात वरवंटा खुपसला, वर चिखल लिंपला, पायाने दाबला. वर पाहते तर समोरच्या काठावर मोळीला टेकून मैनाबाई बसलेली. तंबाखू चोळत होती. टोपली घेऊन मी चालू लागले, आणि मागून ते खुदुखुदु हसू आलं.

माझा हिशेब सोपा होता. रविवारी वरवंटा निघेल, अध्यक्ष पाहतील, वस्तू शाळेच्या खिडकीत जाईल, आणि सोमवारी मी ती खिडकीतून उचलून घरी आणीन. खिडकीतल्या नालेवर कुणी पहारा ठेवला नव्हता.

रविवारी बापूसाहेब छत्री घेऊन काठावर उभे असताना मैनाबाईने बरोबर त्याच कोपऱ्यात कुदळ घातली. अगदी हलकी घातली, हे मला दिसलं. खण्ण असा आवाज आला. “गुरुजी, काहीतरी हाय बाप्पा!” तिने अशी काही हाक दिली की नाटकात घ्यावी. वरवंटा हातोहात वर आला. गुरुजींनी तो उपरण्याने पुसला, उन्हात धरला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी हातातलं घमेलं खाली ठेवलं. “हा वरवंटा आहे,” ते म्हणाले. आता यात त्यांची काहीच चूक नव्हती. वरवंटाच होता. पुढे ते म्हणाले, “पण पाहा, कसा झिजला आहे! एवढा झिजायला किती काळ लागला असेल? ही बारव उगाच नाही बांधली कुणी. इथे वस्ती होती. माझा तर्क आहे, वाकाटककालीन.”

वाकाटक म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचे इथले राजे, हे बापूसाहेबांना माहीत नव्हतं, पण सरकारी माणसं असावीत असं वाटून त्यांनी छत्री मिटली. “मंग आता?”

“वरवंटा आहे तिथे पाटा असणारच,” गुरुजी म्हणाले.

“बराबर,” मैनाबाई खालून म्हणाली. “पाटा जड. तो अजून खाली गेला असन. इकडं, उंबराच्या मुळीकडं.”

मुदत मिरगापर्यंत वाढली. आणि गुरुजींनी वरवंटा खिडकीत न ठेवता उपरण्यात गुंडाळला, शाळेच्या कपाटात ठेवला, आणि किल्ली जानव्याला बांधली. जानव्याची किल्ली माझ्या हिशेबात नव्हती.

घरी रामायण झालं. “शके, वरवंटा कुठी गेला वं?” आईने सोमवारी सकाळी विचारलं. मी म्हटलं, मले नाई माहीत. “पाय फुटले का त्याले?” दादाला विचारून झालं, बाबांना विचारून झालं. बाबा हूं म्हणाले. मग शेजारच्या सिंधूकाकूवर संशय गेला. ती पंधरा दिवसांपूर्वी वाटण वाटायला आली होती. आई मागच्या दारात उभी राहून कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, “लोकाइले आपल्या घरचं पुरत नाई, दुसऱ्याचे दगडही नेऊन राह्यले.” पलीकडून उत्तर आलं, “काही काही लोकाइच्या घरी दगडच असतात नेण्याजोगे.” दोघींचं बोलणं बंद झालं. माझ्यामुळे दोन घरांचं वैर उभं राहिलं होतं. मी ते थांबवायला काय केलं? मी नदीवर गेले आणि एक लांबट गोटा शोधून आणला. आई त्याच्यावर वाटू लागली. गोटा गुळगुळीत, त्याला पकड नाही. मिरच्या पाट्यावरून उडायच्या, खोबरं भरड राहायचं, आणि जेवताना दादा म्हणायचा, “आज चटणीत रेती हाय का?” त्यातच मुगवड्यांचे दिवस. भिजवलेली डाळ गोट्याखाली सरकायची आणि आई चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या पिढ्यांत तीही बसते, हे मला सांगता येत नव्हतं.

तिकडे बारवेवर जत्रा लोटली. पाटा शोधायला पहिल्याच रविवारी साठ माणसं आली. ज्यांना गाळाचा वास येत होता त्यांना आता इतिहासाचा वास येऊ लागला. सिंधूकाकूसुद्धा पदर खोचून आली आणि माझ्या शेजारी रांगेत उभी राहून म्हणाली, “तुह्या मायले सांगजो, खरा वरवंटा पाहून आली म्हणा मी.” अगदी मागच्या वर्षी, मी आता राहते त्या वसाहतीतली तरुण मंडळी जुन्या विहिरी वाचवण्यासाठी छापील पत्रकं घेऊन दारी आली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, पत्रक ठेवा, आधी लोकांना शोधायला काहीतरी द्या. ते हसले. मी विनोद केला नव्हता. चार रविवारांत मंडळाने बारव अकराव्या पायरीपासून सतराव्या पायरीपर्यंत उपसली, आणि सगळं खोदकाम मैनाबाई सांगेल त्याच कोपऱ्यात चाललं. गुरुजी वहीत नकाशा काढायचे, ती म्हणायची, “थे कागद राहू द्या गुरुजी. मुळी पाह्य. मुळी कुठी जाऊन राह्यली?” उंबराची मुळी पाण्याकडे जाते, हे तिला ठाऊक होतं. एकदा तिने मला हळूच बाजूला घेतलं. “तुह्या मायचा व्हय ना थो?” मी मान हलवली. “मंग घमेले कमी काऊन उचलतं?” त्या दिवसापासून तिच्या वाटची घमेलीही मीच चढवली.

ताईला मुलगी झाली. बारशासाठी पुलगावहून तिच्या सासूबाई आल्या. नातवाची वाट पाहात होत्या, नात झाली, म्हणून तोंड असं की अंबाडीची भाजी उकडल्याशिवाय खाल्ली असावी. त्यांना प्रत्येक गोष्टीत उणं दिसत होतं. आमच्याकडे रीत अशी की बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात, एकीने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने वरून घ्यायचा, आणि मग बाळ. आदल्या संध्याकाळी विहीणबाईंनी पाट्याकडे पाहिलं, गोट्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय? घरात वरवंटा नाई? बारशाले तुम्ही नदीचा गोटा घालता का पाळण्यात?”

आई म्हणाली, “हाय ना. टाकवून आणाले देला.” टाकवणं म्हणजे दगडाला छिन्नीने टाके पाडून घेणं. मी आईला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं आणि ते माझ्या खात्यावर पडलं हे मला कळलं.

बारसं रविवारी दुपारी. आणि त्याच रविवारी सकाळी, मिरग तोंडावर आला म्हणून, गुरुजींनी बापूसाहेबांना पुन्हा बोलावलं होतं. पाटा निघाला नव्हता, पाणीही नाही. अध्यक्षांची समजूत पटावी म्हणून बारवेच्या काठावर टेबल मांडलं, वर शाळेतलं हिरवं बनातीचं कापड, कापडावर वरवंटा आणि त्याच्यापुढे जाड कागदावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात : ‘वरवंटा. दगडी. बहुधा वाकाटककालीन.’ मुरमाच्या दोन गाड्या रस्त्यावर येऊन उभ्याच होत्या. मी रांगेत घमेलं घेऊन उभी होते. तेवढ्यात पाहते तर पुऱ्याकडून आई येतेय. सोबत विहीणबाई. गावात काहीतरी पाहण्यासारखं आहे असं सिंधूकाकूने त्यांना सांगितलं होतं, आणि पाहुणीला घेऊन येणं आईला भाग पडलं होतं.

गुरुजी बोलत होते. “हा मधला भाग पाहा. हा छिन्नीने नाही झाला. हा हातांनी झाला आहे. कोण असेल ती माऊली? रोज सकाळी उठून तिने घराला चव दिली, आणि तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.” बायका पदराने डोळे टिपू लागल्या. ती माऊली चौथ्या ओळीत उभी होती आणि टाचा उंचावून टेबलाकडे बघत होती. मग ती पुढे सरकली. डोक्यावरचा पदर सारखा केला, सरळ टेबलापाशी गेली आणि वरवंटा उचलून उलटा केला. टवक्यावरून अंगठा फिरवला. मग मान वळवून साठ माणसांत तिने मला शोधलं. शोधायला फार वेळ लागला नाही. घमेल्याआड लपलेली मी एकटीच होते.

“काय झालं?” बापूसाहेबांनी विचारलं. “ओळखीचा हाय का?”

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. आई हो म्हणेल, लोक हसतील, गुरुजी उभ्या जागी लहान होतील, आणि त्या दोन गाड्या आत्ता, इथेच उलट्या होतील. मैनाबाई खाली सतराव्या पायरीवर कुदळ टेकून उभी होती. तीही हसत नव्हती. आईने टेबलाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, मग बारवेत खाली वाकून पाहिलं. पाच आठवड्यांत ती एकदाही आली नव्हती. किती खोल गेलंय ते तिने पहिल्यांदाच पाहिलं.

“लय जुना हाय,” आई म्हणाली. “माह्या पाहण्यात एवढा झिजलेला वरवंटा नाई दुसरा.” मग गुरुजींकडे वळून म्हणाली, “गुरुजी, आज आमच्या घरी बारसं हाय. हा पाळण्यात ठेवू द्या. दिवसभरासाठी. पोरीचं आयुष्य वाढन.”

गुरुजींना भरूनच आलं. विहीणबाईंचं तोंड पहिल्यांदा सैल झालं. “आमच्या नातीच्या पाळण्यात वाकाटकाचा वरवंटा?” त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, “पुलगावात कोणाच्या घरी नाई झालं असं.” बापूसाहेबांची बायकोही गर्दीत होती, ती म्हणाली, मीही येते पाळणा पाहायला. आता अध्यक्षांना त्याच दिवशी मुरूम टाकणं शोभेना. ते गाडीवानांना म्हणाले, “पुढच्या रविवारपर्यंत थांबा रे.” एवढंच मिळालं. एक आठवडा.

घरी जाताना आई माझ्या चार पावलं पुढे होती. वरवंटा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून चालत होती. मोरीपाशी पोचल्यावर मात्र म्हणाली, “दोन पायली मूग भिजत घातला हाय. उद्यापासून तू वाटशीन. सगळा.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “आणि थे सिंधूले बोलावून आण बारशाले. मी नाई जात, मले लाज वाटते.” एवढ्यावर खटला निकालात निघाला.

बारसं थाटात झालं. वाकाटकांचा वरवंटा टोपडं घालून पाळण्याखालून गेला, वरून आला, आणि गुरुजींनी सुचवलं म्हणून मुलीचं नाव त्या घराण्यातल्या एका राणीवरून प्रभावती ठेवलं. विहीणबाई तयारच होत्या. संध्याकाळी गुरुजी घुगऱ्या खायला आले. पाय धुवायला मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी पाणी घेऊन गेले तर ते पाट्यापुढे उकिडवे बसलेले. आईने दुपारी सवयीने वरवंटा पाट्यावर ठेवून चटणी वाटली होती, आणि तो तिथेच राहिला होता. पाट्याच्या मधे जो खळगा होता त्यात वरवंट्याचं पोट असं बसलं होतं की मधे कागद शिरू नये. गुरुजींनी तो एकदा पुढे ढकलला, एकदा मागे ओढला. घर्र. बोटाला लागलेला लसूण त्यांनी हुंगला.

आई दारात येऊन उभी राहिली. लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “सासूबाइच्या सासूचा हाय, गुरुजी. पोट्टीनं नेला. बारव बुजू नाई म्हून.”

गुरुजींनी वरवंटा पाट्यावर सरळ ठेवला. मग म्हणाले, “मी वाकाटक म्हणालो ना?”

“म्हनले.”

“अध्यक्षांसमोर.”

“साठ लोकाइसमोर,” आईने दुरुस्ती केली. तिला हिशेब अर्धा ठेवलेला आवडत नसे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार बरा, असं मला तेव्हा वाटलं. “पाणी आहे का खाली?” त्यांनी विचारलं.

“मैनाबाई म्हणते, दोन हात राह्यलं.”

“म्हणजे मैनाबाईंनाही ठाऊक होतं.”

“तिनंच त काढला,” मी म्हटलं.

गुरुजी उठले, हात धुतले, आत जाऊन दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या आणि चटणी पुन्हा मागून घेतली. जाताना आईने त्यांना उपरण्यात गुंडाळलेला दगड दिला. तो नदीचा गोटा होता. त्यांनी हाताने वजन करून पाहिलं आणि काखेत मारला.

पुढच्या रविवारी रुळाचा तुकडा वाजला तेव्हा गुरुजी वही न घेता आले. धोतर वर खोचलं, सतरा पायऱ्या उतरले आणि मैनाबाईच्या शेजारी उभे राहिले. “बाई, कुठे खोदू?” तिने बोटाने दाखवलं. मला त्यांनी हाक मारून रांगेत सर्वांत खाली, आपल्या हाताशी उभं केलं. वरून कुणी विचारलं, “गुरुजी, पाट्याचं काय?” ते म्हणाले, “पाट्याचं राहू द्या. पाणी शोधायचं आहे.” गुरुजींना कुदळ धरता येत नव्हती. तासाभरात तळहात फुटले, पण ते वर गेले नाहीत, त्यामुळे इतर कुणाला जाता आलं नाही. पाणी लागलं म्हणजे काही कारंजं उडालं नाही. चिखल जरा जास्त ओला झाला, मग पातळ झाला, मग माझ्या घोट्याला एका बाजूने गार लागलं. मैनाबाईने ओंजळ भरली, तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली, आणि गिळली. “गोडं हाय,” ती म्हणाली. मग बहिणीला ती त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडली आणि दोघी हसल्या. या वेळी मीही हसले. काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही.

मुरूम टाकला, पण बारवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्याचंही भाषण बापूसाहेबांनीच केलं. माझ्या तीन खेपा शंभर पावलांवर आल्या. वरवंटा आता माझ्याकडे असतो. माझ्या ओट्यावर मिक्सर आहे आणि मला तो आवडतो. पण जवसाची चटणी त्यात होत नाही. ती चिकटते.

गोटा शाळेच्या कपाटात राहिला. पावसाळ्यात शाळा भरल्यावर माझं पुढच्या वर्गात नाव घालायच्या कागदावर सही करायला आई शाळेत आली होती. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचायची. कपाटाच्या काचेपुढे ती थांबली. जुना कागद काढून तिथे नवीन लावला होता, अक्षर तेच वळणदार. आईने बोट ठेवून वाचलं : ‘नदीचा गोटा. बारवेच्या कामी उपयोगी पडला. काळ : मोजता येणार नाही इतका जुना.’

“हे मात्र खरं लिवलं मास्तरनं,” आई म्हणाली, आणि पदर खोचून सही करायला गेली.